कामावर अपघात झाला तर कायदा कुणाच्या बाजूने?

मराठी घरातून कामाला निघालेलं माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतं. पण एखाद्या दिवशी माणसाऐवजी फोन येतो. परांचीवरून पडला, मशीनमध्ये हात आला, टाकीत उतरला तो वर आलाच नाही. घरचे हॉस्पिटलकडे धावतात. तेरावं होईपर्यंत कुणाला काही सुचत नाही. नेमका त्याच दिवसांत ठेकेदाराचा माणूस एक पाकीट आणि टाईप केलेला कागद घेऊन दारात उभा राहतो. ‘साहेबांनी माणुसकी म्हणून लाखभर रुपये दिलेत. इथे सही करा.’

त्या कागदावर सही करण्याआधी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. कामावरच्या अपघाताची भरपाई ही मालकाची दया नसते, तो कुटुंबाचा हक्क असतो. आणि तो मिळवून देणारा कायदा आपल्या देशात १९२३ पासून आहे.

एका रखवालदाराची गोष्ट

मराठवाड्यातला एक रखवालदार साखर कारखान्यात कामाला होता. त्याची पाळी पहाटे ३ वाजता सुरू व्हायची. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना साधारण ५ किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुलं आणि आई राहिली.

उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनीचं म्हणणं होतं की माणूस कारखान्यात पोहोचलाच नव्हता, मग हा कामावरचा अपघात कसा? २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि भरपाई रद्द झाली. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ जुलै २०२५ रोजी निकाल लागला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर कामावरचाच अपघात मानायचा, असं न्यायालयाने सांगितलं. भरपाई पुन्हा मंजूर झाली.

बावीस वर्षं. लहान मुलं मोठी होऊन संसाराला लागावीत एवढा हा काळ. पण त्या एका कुटुंबाने हार मानली नाही म्हणून आज पहाटेची बस पकडणाऱ्या नर्सपासून रात्री उशिरा सुटणाऱ्या कामगारापर्यंत सगळ्यांना या निकालाचा आधार आहे.

बॅरिस्टर आणि आपले वकील

इंग्लंडमध्ये ‘आरोग्य आणि सुरक्षा’ ही वकिलीची एक स्वतंत्र शाखाच आहे. तिथल्या १९७४ च्या कायद्यानुसार कामगारांना धोका होऊ नये म्हणून शक्य ते सगळं करणं मालकाला बंधनकारक आहे. खटला उभा राहिला, तर ‘जे शक्य होतं ते सगळं आम्ही केलं’ हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. अशा खटल्यांत सरकारच्या किंवा कंपनीच्या बाजूने उभे राहणारे काही बॅरिस्टर वर्षानुवर्षं हेच काम करतात. क्रेन कशी उलटते, धूळ फुफ्फुसात कशी साठते, हे त्यांना इंजिनीअर आणि डॉक्टर यांच्याइतकं समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे बॅरिस्टर म्हटलं की डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनंतर भारतात बॅरिस्टर हा वेगळा वर्ग उरला नाही, सगळे ‘अ‍ॅडव्होकेट’. त्यामुळे ‘सुरक्षा कायद्याचा बॅरिस्टर’ अशी पाटी तुम्हाला कुठे दिसणार नाही. इथे हे काम कामगार न्यायालयात उभे राहणारे वकील, युनियनचे वकील आणि अपघात-भरपाईचे दावे लढणारे वकील करतात.

मालकाची चूक दाखवावी लागत नाही

बहुतेक कुटुंबं इथेच फसतात. ‘चूक त्याचीच होती, त्याने बेल्ट लावला नव्हता,’ असं साइटवर सांगितलं जातं आणि घरचे गप्प बसतात. पण भरपाईच्या कायद्यात मालकाचा दोष सिद्ध करायची गरजच नाही. अपघात काम करताना आणि कामामुळे झाला, एवढं दाखवलं की पुरे. कामगार दारूच्या अमलाखाली होता किंवा त्याने जाणूनबुजून सुरक्षेचा नियम मोडला, ही सबब किरकोळ इजेत चालू शकते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर तीही चालत नाही.

‘तो आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता,’ हे दुसरं नेहमीचं उत्तर. ज्या धंद्यासाठी ठेकेदार नेमला, त्या धंद्याच्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते. त्याने पैसे भरले की नंतर ते ठेकेदाराकडून वसूल करायचे की नाही, हे त्याने पाहावं.

१९२३ चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ तत्त्वं तीच आहेत. कामावर जाता-येतानाच्या अपघाताचा मुद्दा तर संहितेत स्पष्टच लिहिलेला आहे.

रक्कम कशी ठरते?

मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. वय कमी तेवढा आकडा मोठा, कारण कमावण्याची वर्षं जास्त गेली. हिशेबासाठी धरायच्या पगाराची मर्यादा सरकारने २०२० मध्ये महिना १५,००० रुपये केली. ३० वर्षांच्या कामगारासाठी गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराचे ५० ऐवजी ६० टक्के धरतात.

आता पाकिटातले लाखभर रुपये आठवा.

भरपाई महिन्याभरात दिली नाही, तर तिच्यावर १२ टक्के व्याज लागतं. उशिराला योग्य कारण नसेल, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसतो. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात पैसे परस्पर घरच्यांच्या हातात देऊन विषय मिटवता येत नाही. ते सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावे लागतात आणि तोच पत्नी, मुलं, आईवडील यांच्यात वाटणी करतो. हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला असला, तरी कायद्यापुढे त्याला किंमत नाही.

कामगार ईएसआयमध्ये असेल, तर मार्ग वेगळा. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात. अपघाती मृत्यू झाल्यास अवलंबितांना पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा पेन्शन मिळतं. त्यासाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. मात्र ईएसआय लागू असेल, तर भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. कामावर असताना वाहनाचा अपघात झाला असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई यांपैकी एकच दार निवडावं लागतं. कुठलं दार फायद्याचं, हे जाणकार वकीलच सांगू शकतो.

धूळ हळूहळू मारते

अपघात दिसतो, आजार दिसत नाही. दगडखाणीत, क्रशरवर किंवा काचेच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला धाप लागते, खोकला जात नाही. पुष्कळदा टीबीचे उपचार चालू राहतात आणि सिलिकोसिस ओळखलाच जात नाही. कायद्याच्या यादीत सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार, शिशाची विषबाधा हे सगळे ‘कामामुळे होणारे आजार’ म्हणून आहेत आणि त्यांचीही भरपाई मिळते. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर आजाराच्या आधी काम सांगा. कुठे, किती वर्षं, कसल्या धुळीत, हे केसपेपरवर लिहून घ्या.

पहिल्या काही दिवसांत काय कराल?

दु:खाच्या दिवसांत कागद गोळा करणं क्रूर वाटतं. पण आठवड्याभरात मशीन दुरुस्त होतं, परांची उतरते, सोबतचे मजूर दुसऱ्या गावी जातात. घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसावर ही जबाबदारी सोपवा.

१. अपघाताची पोलिसांत नोंद झाली का, ते पाहा. एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती घ्या.

२. हॉस्पिटलच्या कागदावर ‘घरी पडला’ असं लिहिलेलं नाही ना, ते तपासा. अपघात कुठे आणि कसा झाला, हे पहिल्याच नोंदीत यायला हवं.

३. जागेचे, मशीनचे आणि साइटवरच्या नावाच्या फलकाचे फोटो काढा. फलकावर मालक आणि ठेकेदार यांची नावं असतात.

४. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांचे फोन नंबर आणि गावाचे पत्ते घ्या.

५. पगाराचा पुरावा शोधा. बँकेचं पासबुक, यूपीआयचे मेसेज, हजेरी कार्ड, गेटपास, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, यांपैकी काहीही चालेल.

६. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही, अंगठा देऊ नका.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. आणखी एक महत्त्वाची सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. अपघात झाला त्याच गावी दावा करावा लागत नाही. मुलगा बंगळुरूच्या साइटवर गेला आणि आईवडील लातूरला राहत असतील, तर त्यांना लातूरला दावा करता येतो. परक्या शहरात, परक्या भाषेत खेटे घालावे लागत नाहीत.

वकील कसा निवडाल?

तुमच्या जिल्ह्याच्या कामगार न्यायालयात जा आणि भरपाईचे दावे नेहमी कोण चालवतं, ते विचारा. वकिलांना भेटल्यावर सरळ प्रश्न विचारा. असे किती दावे चालवलेत? दावा कुणाकुणाविरुद्ध करणार, फक्त ठेकेदाराविरुद्ध की मुख्य मालक आणि विमा कंपनीविरुद्धही? चांगला वकील आधी तुमचे कागद मागतो आणि मग आकड्याबद्दल बोलतो.

‘फी काही नको, मिळालेल्या पैशांत निम्मा वाटा द्या,’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि भरपाईत हिस्साही घेता येत नाही.

फी परवडत नसेल तरी अडून राहू नका. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. देशभरासाठी १५१०० हा मदतीचा नंबर आहे.

भरपाई मिळाली म्हणजे फौजदारी बाजू संपली, असंही नाही. सुरक्षेचे नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला, तर नव्या सुरक्षा संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. त्या दंडातला किमान निम्मा भाग वारसांना द्यावा, असा आदेश न्यायालय देऊ शकतं.

कधी कधी मालक आपणच असतो

आतापर्यंत कामगाराच्या घरून पाहिलं. आता आपल्या सोसायटीच्या गॅलरीतून पाहा. सातव्या मजल्यावर रंगारी दोरावर लटकलेला असतो. सेप्टिक टाकी तुंबली की कुणीतरी दोन माणसं बोलावतं आणि ती तशीच आत उतरतात. टाकीतला विषारी वायू दिसत नाही. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात जीव गेल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. म्हणून टाकी मशीननेच साफ करून घ्या. रंगकामाचा ठेका देताना दर विचारता, तसंच माणसांचा विमा आणि बेल्ट यांबद्दलही विचारा. सोसायटीच्या बैठकीत हा प्रश्न तुम्हीच काढा.

आणि आज रात्री जेवताना घरातल्या कमावत्या माणसांना एवढंच विचारा: तुझं नेमणूकपत्र कुठे आहे? नव्या संहितेनुसार ते प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं. नसेल तर मागायला सांगा. असेल तर त्याचा आणि ईएसआय कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. ते कधीच उपयोगी पडू नये, अशीच इच्छा आहे, पण पडलंच तर त्या दिवशी घरच्यांना कुणापुढे हात पसरावे लागणार नाहीत.