दीड हजारांचा राउटर आणि रांगेचं गणित

घरी फायबर आलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्टही ९४ दाखवते. आणि तरी पेटच्या ऑनलाइन मुलाखतीत नेमका तुमचा आवाज तुटतो. पॅनेलला काय वाटतं, तर उमेदवार अडखळतोय. मग घरात चर्चा होते आणि प्लॅन २०० चा घेतला जातो. महिन्याला दोनशे-तीनशे रुपये जास्त जातात, आवाज तुटायचा तो तुटतोच.

मी नेटवर्कमधल्या रांगांवर पीएचडी करते आहे. त्यामुळे ‘कुठला राउटर घेऊ?’ हा प्रश्न मला नातेवाइकांकडून, ज्युनियर्सकडून आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांकडूनही येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: बहुतेक घरांना दीड हजारांचा पुरतो, पण तो नीट लावायला हवा. आणि नीट लावायचा म्हणजे आधी मोजायला हवं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा लेख त्यासाठी तरी वाचावा. मोजमाप शिकायला एवढी स्वस्त प्रयोगशाळा दुसरीकडे मिळणार नाही.

त्या ९४ पासूनच सुरुवात करू. हा आकडा एवढा ठरावीक का येतो? स्वस्त राउटरच्या केबल पोर्टची क्षमता अनेकदा १०० मेगाबिटच असते. इथरनेटवरून १५०० बाइटचं एक पाकीट पाठवायचं तर पुढचं-मागचं वेष्टन आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा धरून तारेवर १५३८ बाइटची जागा जाते. त्या १५०० मधूनही आयपी आणि टीसीपीचे मथळे वजा केले की तुमचा खरा माल उरतो साधारण १४४८ बाइट. १४४८ भागिले १५३८ म्हणजे ०.९४. तेव्हा प्लॅन २०० चा असो की ३०० चा, सकाळ असो की रात्र, आकडा ९४ वर अडकत असेल तर कंपनीशी भांडू नका, पोर्ट बघा. खोक्यावर ‘गिगाबिट’ लिहिलंय का ते वाचा. फास्ट इथरनेट लिहिलं असेल तर त्याचा अर्थ १०० मेगाबिट. नावातल्या ‘फास्ट’वर जाऊ नका. संशोधनातही एखादा आकडा संशय यावा इतका स्थिर आला तर बहुतेक वेळा आपण वस्तू मोजत नसतो, आपल्या उपकरणाची मर्यादा मोजत असतो.

आधी जोडणी

भिंतीवर फायबरवाल्याने बसवलेला डबा म्हणजे ओएनटी. त्याच्या केबलचं दुसरं टोक राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घालायचं. तो बहुतेक वेगळ्या रंगाचा असतो. राउटरच्या पोटाखाली स्टिकर असतो, त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. ते पान उघडलं की जोडणीचा प्रकार विचारतात. अनेक स्थानिक केबलवाले पीपीपीओई देतात. त्यासाठी यूजरनेम-पासवर्ड लागतो, आणि तो बसवायला आलेल्या मुलाकडून तो निघायच्या आधीच कागदावर लिहून घ्या. नंतर फोनवर मिळवायचा म्हणजे दोन दिवस जातात. काही ठिकाणी कंपनी जुन्या यंत्राचा मॅक पत्ता बांधून ठेवते. तसं असेल तर एकतर फोन करून तो मोकळा करून घ्या, नाहीतर नव्या राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ वापरा.

आता एक तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर ओएनटी स्वतःच राउटरचं काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्यामागे दुसरा राउटर म्हणून बसलाय. नुसतं ब्राउझिंग करणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. पण दोघांचा घरातला पत्ता एकच असेल, समजा दोन्हीकडे १९२.१६८.१.१, तर सगळा गोंधळ. अशा वेळी नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काही करा, किंवा त्याला सरळ ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. दुसरा मार्ग सोपा आणि जास्त स्वच्छ आहे.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, म्हणजे अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतायत. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. याचा तुमच्याशी संबंध काय? घरच्या डेस्कटॉपवर रात्रभर सिम्युलेशन लावून हॉस्टेलमधून त्यावर लॉगिन करायचं स्वप्न असेल, तर नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग करून ते होणार नाही, कितीही व्हिडिओ बघितले तरी. बाहेरून आत येणारी वाटच तिथे नसते. डेस्कटॉपने आतून बाहेर एखादा बोगदा उघडून ठेवायचा, उदाहरणार्थ विद्यापीठाच्या सर्व्हरकडे वायरगार्डने, आणि आपण त्या बाजूने आत यायचं.

मग मोजमाप

आवाज का तुटतो? बोलण्याला वेग फारसा लागत नाही. आवाजाच्या कॉलला १०० किलोबिटच्या आसपास पुरतात. त्याला लागतो तो वेळेवरपणा. एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून कमी लागले तर संभाषण सहज वाटतं, अशी आयटीयूची शिफारस आहे. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

आता साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोरची रांग डोळ्यासमोर आणा. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक उभ्या आहेत, आणि त्यांच्यामागे एक स्कूटरवाला अडकलाय. त्याला फक्त एक कागद द्यायचाय. काट्याचा वेग दुप्पट केला तर रांग जरा लवकर सरकेल, पण ट्रॉल्यावाले आणखी ट्रॉल्या आणतील आणि स्कूटर मागेच राहील. तुमच्या घरात ट्रॉल्या म्हणजे कुणाच्या तरी फोनवरून क्लाउडला चढणारे लग्नाचे फोटो. स्कूटर म्हणजे तुमचा आवाज.

आकड्यात बघू. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि वाटेतल्या यंत्रात रांगेसाठी १ मेगाबाइट जागा आहे. ती भरली की ८ मेगाबिट माल तुमच्या पुढे उभा. ८ भागिले १०, म्हणजे ०.८ सेकंद उशीर. १५० मिलिसेकंद कुठे आणि ८०० कुठे! आणि स्पीड टेस्ट मात्र झकास दिसते, कारण काटा रिकामा नसतोच, पूर्ण वेगाने चालू असतो. स्पीड टेस्ट काट्याचा वेग सांगते, स्कूटरवाला किती वेळ उभा होता ते सांगत नाही.

हे तुमच्या घरी आहे की नाही, ते पिंगने कळतं. एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, समजा ८.८.८.८ ला. घरात कुणी काही वापरत नसताना शंभर पिंग घ्या. मग एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा आणि ती चढत असताना पुन्हा शंभर घ्या. फाइल चढताना दोन्ही पिंग वाढले तर रांग तुमच्या वायफायमध्येच आहे. राउटरचा पिंग होता तिथेच राहिला आणि बाहेरचा वाढला तर रांग राउटरच्या पुढे आहे. एवढ्या साध्या युक्तीने दोष कुठल्या तुकड्यात आहे ते वेगळं काढता येतं. पैसे खर्च करण्याआधी ही अर्ध्या तासाची मेहनत कराच.

मोजताना काही पथ्यं. सरासरी काढू नका. शंभरातले पाच पिंग अर्ध्या सेकंदाचे असले तरी सरासरी सोज्वळ दिसते, आणि आवाज तुटतो तो नेमका त्या पाचांमुळे. मध्यक बघा आणि वरचे पाच टक्के बघा. सकाळी अकराची मोजणी आणि रात्री नऊची मोजणी यांची तुलना करून ‘नव्या राउटरने फरक पडला’ म्हणू नका, रात्री नऊला अख्खी सोसायटी सिरियल बघत असते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. राउटर हलवला, चॅनल बदलला आणि प्लॅनही वाढवला, मग सुधारणा झाली तर श्रेय कुणाला देणार?

रांग वायफायमध्ये सापडली, तर उपाय बहुतेक फुकटचे असतात. राउटर टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर तिथून काढा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. २.४ वरच राहावं लागत असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक निवडा, कारण एकमेकांवर न चढणारे तिथे हे तीनच आहेत. आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ने वेग वाढतो असं सेटिंगचं पान सुचवतं, पण फ्लॅट संस्कृतीत ४० म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणात गाडी लावणं, भांडण ठरलेलं. आणि मुलाखतीच्या दिवशी? सरळ केबल लावा. पाच मीटरची केबल महागड्या राउटरपेक्षा जास्त भरवशाची असते.

रांग राउटरच्या पुढे असेल तर गोष्ट जास्त रंजक आहे. पुढची यंत्रं तुमच्या हातात नाहीत, पण रांग कुठे लागावी हे तुम्ही ठरवू शकता. राउटरच्या क्यूओएस सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर आणा. १० असेल तर ९. आता सर्वात अरुंद जागा तुमचा राउटर झाला, रांग त्याच्यात लागेल आणि तिला शिस्त लावता येईल. दहा टक्के वेग सोडून द्यायचा हे मनाला पटत नाही, माहीत आहे. करून बघा आणि पिंग पुन्हा मोजा.

शिस्त कशी लावतात

१९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर जेमतेम चारशे यार्ड. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी त्याचा छडा लावला, आणि १९८८ च्या शोधनिबंधातून आलेली टीसीपीची गर्दी ओळखण्याची पद्धत आजही पायाभूत आहे. तिचा गाभा असा, की पाकीट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे, वेग कमी करा. पुढे मेमरी स्वस्त झाली. यंत्र बनवणाऱ्यांनी पाकीट हरवू नये म्हणून मोठमोठ्या रांगा ठेवल्या. पाकिटं हरवेनाशी झाली, त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दीचा निरोपच वेळेवर मिळेना. २०१० च्या सुमारास जिम गेटीस यांना हे स्वतःच्या घरच्या जोडणीवर मोठ्या फाइली पाठवताना दिसलं. या दुखण्याला त्यांनी ‘बफरब्लोट’ नाव दिलं. रांगेची सूज म्हणू या आपण.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि त्याच जेकबसन यांनी कोडेल मांडलं. त्यातली कल्पना मला अजूनही फार आवडते. रांग किती लांब आहे हे त्यात बघतच नाहीत, पाकीट रांगेत किती वेळ होतं ते बघतात. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदा तरी थांबण्याचा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आला, तर ती रांग निरोगी, तात्पुरती. संपूर्ण अवधीत एकदाही खाली आला नाही, तर रांग साचलेली आहे, एखादं पाकीट टाकून द्या म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप जाईल. त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली की झालं एफक्यू-कोडेल. स्कूटरवाल्याला ट्रॉल्यांच्या मागे उभंच राहावं लागत नाही.

हे स्वस्त राउटरवर मिळतं कसं? लिंक्सिसच्या २००२ सालच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स होतं. जीपीएल परवान्यामुळे त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आज अनेक साध्या राउटरवर ते चढतं आणि त्यात एसक्यूएम नावाने ही सगळी शिस्त मिळते. मात्र विकत घेण्याआधी मॉडेलचं हार्डवेअर व्हर्जन तपासा. एकाच नावाच्या राउटरमध्ये वर्षागणिक चिप बदलते. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमच्या जुन्या डब्यांवर नव्या आवृत्त्या मावत नाहीत. शिवाय हे काम प्रोसेसरला जड आहे, दीड हजारांचा राउटर ३०० एमबीपीएसला दमतो. अशा वेळी फक्त अपलोडला शिस्त लावा, बऱ्याच घरांत तेवढ्याने भागतं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते, पण हा भाग टाळू नका. उद्या तुमच्या लॅपटॉपवर मुलाखतींची रेकॉर्डिंग असतील, लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतील. ॲडमिनचा पासवर्ड लगेच बदला आणि तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा ठेवा. २०१६ च्या मिराईने कंपनीचे मूळ साठेक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो, म्हणजे वाटतं दहा कोटी शक्यता. पण तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून ठरतो. म्हणून उरतात १०,००० अधिक १,०००, म्हणजे फक्त ११,०००. रिमोट मॅनेजमेंट बंद, फर्मवेअर अद्ययावत, आणि स्मार्ट टीव्ही व सीसीटीव्ही गेस्ट नेटवर्कवर.

राहता राहिली वीज. मिनी यूपीएस घेणार असाल तर आधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचा. राउटर ९ व्होल्टचा आणि ओएनटी १२ चा असं अनेकदा निघतं, आणि यूपीएसला दोन्ही आउटपुट हवेत. सोबत केबलवाल्याला एवढं विचारून ठेवा, की बिल्डिंगच्या जिन्यातल्या त्याच्या पेटीला बॅकअप आहे का. तिथे वीज लागणारा स्विच असेल आणि बॅकअप नसेल, तर तुमचा यूपीएस घेऊन उपयोग नाही. मुलाखतीच्या दिवशी फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा.