टोल्काचं पाणी आणि ट्राउटचा श्वास

१८ जुलै २०२२. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या हवामान केंद्रात पारा ३३ अंशांवर गेला. विदर्भात या आकड्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. आयर्लंडमध्ये मात्र जुलै महिन्यातला तो उच्चांक ठरला. त्या पार्कपासून काही किलोमीटरवर ब्लँचर्डस्टाउन आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाळ असलेले लिओ वराडकर याच परिसरात वाढले आणि इथूनच निवडून येऊन २०१७ साली देशाचे पंतप्रधान झाले. आपल्याला हे उपनगर त्यांच्या नावाने माहीत असतं. मला मात्र सांगायचं आहे ते तिथल्या टोल्का नदीबद्दल. मीथ काउंटीत उगम पावून ती डनबॉइन, मलहडर्ट, ब्लँचर्डस्टाउन अशी वाहत येते आणि ग्लासनेव्हिनच्या वनस्पती उद्यानाला वळसा घालून डब्लिनच्या उपसागराला मिळते. या शहरी नदीत आजही ब्राउन ट्राउट आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं-उतरतं. जे. एम. एलियट यांनी इंग्लंडमध्ये विंडरमिअरकाठी या माशाचा अनेक वर्षं अभ्यास केला. पोटभर खाणं मिळालं, तर १३-१४ अंशांच्या पाण्यात ट्राउट सर्वात चांगला वाढतो. १९-२० अंशांच्या आसपास त्याचं खाणं सुटतं. पाणी सलग काही दिवस २५ अंशांजवळ राहिलं, तर तो मरतो.

याचं मूळ श्वासात आहे. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २० अंशांना ९.१, तर २५ अंशांना ८.३. पाणी तापतं तशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. आवक घटावी आणि त्याच महिन्यात घरखर्च वाढावा, तशी ही ओढाताण.

आता यात गळ आणा. आयर्लंडमधले अनेक हौशी गळवाले मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडतात. हेतू दयेचाच असतो. पण गळाला लागलेला ट्राउट जीव तोडून झुंजतो, दमून जातो. थंड पाण्यात तो सावरतो. कोमट पाण्यात सावरायला लागणारा प्राणवायूच अपुरा पडतो. सोडल्यावर तो शेपटी हलवत खोल पाण्यात निघून जातो, गळवाला समाधानाने घरी येतो, आणि काही तासांनी तोच मासा एखाद्या दगडाआड मरून पडलेला असू शकतो. म्हणूनच ‘इनलँड फिशरीज आयर्लंड’ ही सरकारी संस्था उन्हाळी लाटेत आवाहन करते : पाणी २० अंशांपुढे गेलं, की पकडून सोडण्याची मासेमारीही थांबवा.

जाणता गळवाला आधी तापमापक काढतो. सावलीतल्या वाहत्या पाण्यात तो हातभर खोल धरतो, पारा स्थिरावेपर्यंत थांबतो आणि मग ठरवतो. पाणी १५ अंशांवर असेल तर पहाटेचा गळ टाकावा. मासा हाताळण्याआधी हात ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. पारा १९ दाखवत असेल तर दुपारपर्यंत तो आणखी चढणार, हे ओळखून गळ गुंडाळावा.

उष्णतेचा फटका हिवाळ्यातही बसतो. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. ट्राउटची चढण नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारठ्यात होते. मादी शेपटीने वाळू-गोट्यांत खळगा करून त्यात अंडी घालते. ५ अंशांच्या पाण्यात ती उबायला जवळपास तीन महिने लागतात. १० अंशांत दीड महिनाही पुरतो. हिवाळा ऊबदार झाला तर पिल्लं वेळेआधी बाहेर येतात आणि त्यांच्या खाण्याचे किडे अजून तयार झालेले नसतात. आयर्लंडच्या नोंदींत २०२३ हे तोवरचं सर्वात उष्ण वर्ष ठरलं. देशाचं वार्षिक सरासरी तापमान प्रथमच ११ अंशांपुढे गेलं.

उपाय जुनाच आहे : सावली. काठावरची आल्डर आणि वाळुंजाची झाडं उन्हाळ्यात पाणी गार ठेवतात, त्यांच्या पानांवरून पडणारे किडे माशांना खाद्य होतात. डांबरी रस्ते आणि वाहनतळांवरून तापलेलं पावसाचं पाणी थेट नदीत न सोडता आधी जमिनीत मुरवलं, तर शहरातल्या नदीला मोठा दिलासा मिळतो.

प्राणवायूचं हे गणित आपल्या नद्यांनाही लागू आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीरची, म्हणजे आपल्या खडस माशाची पैदास होते. त्यालाही वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. आणि आपण सुशोभीकरणाच्या नावाखाली काठावरचे उंबर, करंज, जांभूळ तोडून तिथे काँक्रीट ओततो. हे थांबलं पाहिजे. तुमच्या गावच्या नदीकाठी घाटाचं काम निघेल, तेव्हा ग्रामसभेत एवढं नक्की विचारा : काठावरची किती झाडं राहणार आहेत?