नाव नराचं, नदी अळीची

1834 साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या आयझॅक ली यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीची एक नवी प्रजाती जाहीर केली. ली हे शंख-शिंपल्यांमधले बडे जाणकार. हा शंख जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, वेटोळं अगदी रेखीव, पण बाहेरून सगळीकडे वाळूचे कण बसवलेले. प्राण्यानं आपला शंख वाळूनं मढवून घेतला असावा, असं समजून त्यांनी नाव दिलं व्हॅल्व्हाटा अरेनिफेरा, म्हणजे वाळू वाहणारी. प्रत्यक्षात तो शंखच नव्हता. एका कीटकाच्या अळीनं स्वतःच्या रेशमानं वाळूचा कण कणाला जोडून बांधलेलं ते घर होतं. आज त्या वंशाला हेलिकोप्सायकी म्हणतात आणि त्याचा समावेश कॅडिस माश्यांमध्ये होतो.

माशी म्हणायचं ते सवयीनं. कॅडिसचं खरं नातं पतंग-फुलपाखरांशी. फरक असा की फुलपाखराच्या पंखांवर खवले असतात, कॅडिसच्या पंखांवर केस. विल्यम कर्बी यांनी 1813 मध्ये या गणाला ट्रायकॉप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे, असं नाव दिलं ते याच कारणानं. आपल्याकडे सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी एखाद्या बंगल्याच्या व्हरांड्यात रात्री दिवा लावला, की भिंतीवर तपकिरी, मळकट, पंख कौलारू छपरासारखे मिटून बसलेले आणि लांब शृंगिका पुढे काढलेले कीटक येतात. त्यांत पतंग समजून आपण ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, त्यातले कित्येक कॅडिस असतात. प्रौढाचं आयुष्य थोडं. जबडे नावापुरते उरलेले, त्यामुळे चावणं नाही, फार तर पाणी किंवा मध चाटणं. खरं आयुष्य पाण्याखाली, अळीच्या रूपात जातं. कोणी वाळूची नळी बांधते, कोणी काटक्यांची, कोणी पानांचे तुकडे कापून. कोणी दगडांच्या फटीत रेशमाचं जाळं ताणून वाहत्या पाण्यातलं अन्न गाळते. रायाकोफिलाच्या अळ्या तर घर बांधतच नाहीत, दगडांमध्ये मोकळ्या फिरून शिकार करतात. ह्यूबर्ट द्युप्रा या फ्रेंच कलावंतानं या अळ्यांना वाळूऐवजी सोन्याचे कण आणि मोती देऊन दागिन्यासारखी घरं बांधून घेतली. लोकांना ते फार आवडलं. मला विचाराल तर साध्या नदीतल्या वाळूची हेलिकोप्सायकी त्याहून सरस आहे.

जगात आजवर 16,000 हून अधिक कॅडिस प्रजातींना नावं मिळाली आहेत, एकट्या भारतात हजाराहून जास्त. आणि हे निम्मंसुद्धा नाही असं जाणकार मानतात. फर्नां श्मिड यांनी 1984 मध्ये जगातल्या एकूण प्रजातींचा अंदाज 50,000 असा मांडला होता. म्हणजे नवी प्रजाती सापडणं ही या क्षेत्रात नवलाची गोष्ट नाही. सापडलेली प्रजाती नवी आहे हे सिद्ध करणं, हे खरं काम.

ते रंगावरून होत नाही. शेकडो प्रजाती सारख्याच तपकिरी, शिवाय पंखांवरचे केस हाताळताना झडतात आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर रंग उडतो. मग शरीररचनेकडे वळायचं, आणि तेही डोक्यापासून क्रमानं. डोक्यावर दोन संयुक्त डोळ्यांखेरीज तीन साधे डोळे आहेत का? हायड्रॉप्सायकिडी कुळात ते नसतात, रायाकोफिलिडीत असतात. तोंडाजवळच्या स्पर्शकाला खंड किती? लिम्नेफिलिडी कुळात मादीला पाच, नराला तीनच. फ्रायगॅनिडीत नराला चार. त्यानंतर पायांवरचे काटे मोजायचे. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायाच्या नळीवर किती जाडजूड काटे आहेत, ते तीन आकड्यांत लिहितात. 3-4-4 लिहिलं की जाणकाराच्या डोळ्यांपुढे रायाकोफिला येते, 2-4-4 म्हटलं की हायड्रॉप्सायकी, 0-2-4 म्हणजे हायड्रॉप्टिला, अवघ्या काही मिलिमीटरचे सूक्ष्म कॅडिस. शेवटी पंखांच्या शिरा कुठे फुटतात, कुठला कोष बंद आहे, कुठला उघडा, हे पाहायचं. एवढं झालं की कुळ आणि बहुधा वंश हाती लागतो. प्रजाती मात्र अजून दूर असते.

प्रजाती कळते ती नराच्या उदराच्या टोकावर.

तिथे काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. अल्कोहोलमधला नर सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन उदराचा मागचा भाग बारीक चिमट्यानं वेगळा करतात. तो कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवला की आतले स्नायू आणि चरबी विरघळतात. अलीकडे बरेच जण गरम लॅक्टिक आम्ल वापरतात, कारण त्यात कवच कमी दुखावतं. बाहेर काढल्यावर तो तुकडा शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक झालेला असतो आणि आतलं सगळं दिसू लागतं. ग्लिसरीनच्या थेंबात तो एका कुशीवर ठेवायचा. नववा खंड पूर्ण कड्यासारखा, त्याच्या वरच्या बाजूला दहावा खंड, कधी छपरासारखा पसरट, कधी दोन शिंगांत दुभंगलेला. खालून दोन पकडी बाहेर आलेल्या, मीलनात मादीला धरण्यासाठी. मधोमध शिश्न, आणि काही वंशांत त्याच्या दोन्ही बाजूंना पॅरामेअर नावाच्या बारीक काड्या, टोकाला काटे किंवा केसांचे झुबके असलेल्या. पकडीचं टोक गोल आहे की खाच पडलेलं, काटे एका ओळीत की गुच्छात, यावर निवाडा.

हे सारं नुसतं शब्दांत लिहून भागत नाही. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा जोडला की त्यातल्या आरशामुळे नमुना आणि कागदावरची आपली पेन्सिल एकाच वेळी दिसतात. त्याच्या साह्यानं बाजूनं, वरून, खालून अशी रेखाचित्रं काढतात, शिश्नाचं चित्र वेगळं. आता उत्तम कॅमेरे आले, एकावर एक थर रचून काढलेले सुस्पष्ट फोटो आले, तरी रेखाचित्र मागे पडलेलं नाही. फोटोत सगळंच दिसतं. चित्रकार मात्र ठरवतो की कोणती रेघ महत्त्वाची आणि कोणता केस योगायोगाचा. शब्दांतलं वर्णन मोजकं, क्रियापदं गाळलेलं असतं: नववा खंड बाजूनं पाहता पुढे रुंद, मागे निमुळता, पकडी लांबट, टोकाशी आत वळलेल्या. नवख्याला ते रुक्ष वाटतं. पण शंभर वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या माणसाला त्या वाक्यावरून आपल्यासमोरचा कीटक ओळखता येतो, हे त्याचं सामर्थ्य.

मग ज्यावरून वर्णन केलं, त्यातला एक नर होलोटाइप ठरतो. त्या नावाचा कायमचा आधार तोच. 1999 नंतर दिलेल्या नव्या नावाला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असा आधारनमुना स्पष्टपणे ठरवावाच लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार हेही लिहावं लागतं. उदराचा तो तुकडा ग्लिसरीनसह इवल्याशा कुपीत, कुपी उरलेल्या कीटकाबरोबर. वर्णनात घोळ निघाला, तर पुढचे लोक कागद बाजूला ठेवून ती कुपी उघडतात.

नराचंच टोक एवढं वेगवेगळं का? ल्यों द्युफुर यांनी 1844 मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली: प्रत्येक प्रजातीचा नर आपल्याच मादीला जुळावा म्हणून. ऐकायला सोपी, पण बऱ्याच कीटकांत माद्यांच्या अंगात तेवढं नेमकं कुलूप सापडत नाही. 1985 मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी पुस्तकभर युक्तिवाद करून म्हटलं की निवड मादी करते, मीलन चालू असतानासुद्धा. त्यामुळे नराची ही अंगं पिढ्यान्‌पिढ्या झपाट्यानं बदलत राहतात, बाकीचं शरीर मागे राहतं. वाद मिटलेला नाही. पण वर्गीकरण करणाऱ्यांचं काम मात्र दोन्ही बाजूंनी भागतं: जिथे बदल सर्वांत आधी होतो, तिथेच पाहायचं.

ही दृष्टी पक्की केली रॉबर्ट मॅक्लॅकलन यांनी. 1874 ते 1880 या काळात हप्त्याहप्त्यानं आलेल्या त्यांच्या युरोपीय कॅडिसवरच्या ग्रंथात नरांच्या या अवयवांची चित्रं पानोपानी आहेत. भारताच्या वाट्याला नंतर आले ते फर्नां श्मिड. मूळचे स्विस, पुढे कॅनडात स्थायिक झालेले. पाकिस्तान, श्रीलंका आणि मग भारताच्या ईशान्य भागातल्या डोंगरांत त्यांनी प्रचंड संग्रह केला, आणि त्यातल्या प्रजातींची वर्णनं ते पुढची कितीतरी वर्षं लिहीत राहिले. रायाकोफिलावरचा त्यांचा 1970 चा ग्रंथ आजही टेबलावर उघडा ठेवावा लागतो. पण त्यांच्या कामातही ठळक दिसतं ते हेच: चित्रं नरांची.

काल-परवाचं उदाहरण कोसोव्होचं. प्रिश्टिना विद्यापीठातले हलील इब्राहिमी आणि त्यांचे सहकारी तिथल्या ब्येश्केत ए नेमुना या राष्ट्रीय उद्यानातल्या झऱ्या-ओढ्यांत कॅडिस गोळा करत होते. डेचान नदीच्या वरच्या भागातले नर त्यांनी पोटॅमोफायलॅक्स वंशातल्या जवळच्या प्रजातींशी ताडून पाहिले. शरीराचे फरक आणि डीएनएचा पुरावा जुळला, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये नव्या प्रजातीचं नाव छापून आलं: पोटॅमोफायलॅक्स कोरोनाव्हायरस. काम महासाथीच्या काळात पुरं झालं म्हणून हे नाव, पण लेखकांनी दुसरं कारणही स्पष्ट लिहिलं आहे. बाल्कन प्रदेशातल्या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प आणि प्रदूषणाची जी मुकी साथ चालू आहे, तिच्याकडे त्यांना बोट दाखवायचं होतं. डेचान नदीवर असे प्रकल्प उभे राहिलेच होते. नाव जरा बातमीबाज आहे, मान्य. पण त्यामुळे एका ओढ्यातल्या तपकिरी कीटकाची बातमी जगभर छापली गेली, हेही खरं.

उलट उदाहरण ऱ्हाइन नदीचं. हायड्रॉप्सायकी टोबिआसी या प्रजातीला 1977 मध्ये हान्स मालिकी यांनी नाव दिलं, जुन्या संग्रहांतल्या नमुन्यांवरून. तोवर ऱ्हाइन इतकी बिघडली होती की जिवंत टोबिआसी पुन्हा कोणाला मिळाली नाही. आज ती नामशेष धरली जाते.

इथेच या पद्धतीची उणीव कळते. नाव नराच्या उदराला बांधलेलं, आणि नदीतलं सगळं काम अळी करते. पानं कुरतडणारी, पाणी गाळणारी, माशांच्या पोटात जाणारी अळीच. पाणी स्वच्छ आहे की घाण, हे जोखायला जगभर मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस यांच्या अळ्या मोजतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही अशा जलचरांना गुण आहेत, पण ते कुळाच्या पातळीवर. कारण साधं आहे: भारतातल्या फारच थोड्या प्रजातींच्या अळ्या ओळखीच्या आहेत. माद्यांची स्थितीही फारशी बरी नाही. एकाच कुळातल्या दोन प्रजातींपैकी एक घाण पाणी सोसते, दुसरी मरते. कुळापाशी थांबलो तर हा फरक कळत नाही.

अळी आणि नर यांची गाठ घालायचे दोन मार्ग आहेत. एक डीएनए बारकोडचा: दोघांतल्या एकाच जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जुळवायचा. दुसरा जुना, आणि मला तो जास्त आवडतो. अळी आपलं घर दगडाला चिकटवून, तोंड बंद करून आत कोशावस्थेत जाते. बाहेर पडण्याच्या बेतात असलेला कोश उघडला, तर बहुतेक कुळांत घराच्या तळाशी अळीच्या टाकलेल्या कातीचे कठीण तुकडे मिळतात, डोक्याच्या कवचासकट. आणि कोशाच्या पातळ कातडीतून आत तयार झालेल्या नराच्या पकडी स्पष्ट दिसतात. अळी कोणाची, याचा पुरावा एकाच घरात. त्यासाठी प्रयोगशाळा नको, फक्त योग्य दिवशी योग्य दगड उलटायला हवा. असं असूनही आपल्याकडे हे काम मागे आहे, कारण त्याला ओढ्याकाठी बसायची सवड लागते, आणि नव्या नावाला जो मान मिळतो तो अळीच्या वर्णनाला मिळत नाही. हा हिशोब मला पटत नाही.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सह्याद्रीलगतच्या महाविद्यालयांना हे सहज जमण्यासारखं आहे. परवानगी लागते तिथे ती रीतसर घ्या. दिव्यावर आलेले प्रौढ आणि दगडाला चिकटलेले कोश 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, प्रत्येक ठिकाणाची बाटली वेगळी. ओढ्याचं नाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती बाटलीच्या आत टाका. आणि चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.