डोंगरमाथ्यावरचा नोड आणि कालचं फर्मवेअर

अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांचं, म्हणजे हॅम मंडळींचं, एक बिनतारी जाळं आहे. नाव 'अमॅच्युअर रेडिओ इमर्जन्सी डेटा नेटवर्क', बोलताना एआरईडीएन. मोबाइलचे टॉवर आडवे झाले, फायबर तुटली, तरी नकाशे, फोटो, निवारा केंद्रातल्या याद्या आणि आयपी फोनवरचं बोलणं एका गावातून दुसऱ्या गावात जात राहावं, यासाठी ते उभारलेलं आहे. युबिक्विटी, मायक्रोटिक, टीपी-लिंक यांची बाजारात मिळणारी उपकरणं घ्यायची, त्यांतलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून एआरईडीएनचं फर्मवेअर भरायचं आणि घराच्या छपरापासून डोंगरमाथ्यापर्यंत ती नोड म्हणून लावत जायचं. कोणाचा निरोप कोणामार्फत न्यायचा, हे नोड आपापसांत ठरवतात.

याची सुरुवात एका साध्या घरगुती राउटरपासून झाली. लिंक्सिसच्या 'डब्ल्यूआरटी५४जी' या राउटरमध्ये लिनक्स होतं, आणि जीपीएल परवान्याच्या अटीमुळे २००३ साली कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून पुढच्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर जन्माला आलं. टेक्सासमधल्या ऑस्टिन भागातल्या हॅमनी त्यावर आपलं मेशचं, म्हणजे अशा जाळ्याचं, फर्मवेअर बांधलं आणि त्याच वंशावळीत पुढे एआरईडीएन आलं. अमेरिकी हॅमना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात घरगुती वायफायच्या खालीही उतरायची मुभा आहे. वायफायचं चॅनल एक २४१२ मेगाहर्ट्झवर असतं. हे लोक 'चॅनल उणे दोन'वर, २३९७ मेगाहर्ट्झवर बोलतात. शेजारपाजारच्या राउटरांचा गोंगाट तिथे पोचत नाही. बदल्यात नोडच्या नावात आपलं कॉलसाइन घालावं लागतं, आणि मजकूर कूटभाषेत लपवायला कायद्याने बंदी आहे.

फर्मवेअर दोन प्रकारचं मिळतं. स्थिर आवृत्तीच्या क्रमांकातच तिचा महिना असतो: ३.२३.१२.० म्हणजे डिसेंबर २०२३. दुसरं 'नाइटली बिल्ड'. कोडमध्ये बदल झाले की रात्री आपोआप तयार होणारी ही फाइल, नावात त्या दिवसाची तारीख. ती संगणकावर बिनचूक बांधली गेली एवढीच तिची हमी. आधार दिलेल्या उपकरणांचे प्रकार इतके आहेत की ते सगळे एका प्रोग्रॅमरच्या टेबलावर मावणार नाहीत. आणि टेबल कितीही मोठं असलं, तरी त्यावर तीस किलोमीटरचं अंतर कुठून आणणार?

हे अंतर फार कळीचं आहे. वायफायमध्ये प्रत्येक पॅकेटची पोच परत यावी लागते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे तीस किलोमीटरवर जाऊन यायला २०० मायक्रोसेकंद लागतात. घरातल्या वायफायला एवढी वाट पाहायची सवय नसते. पोच वाटेत असतानाच राउटर पॅकेट हरवलं असं धरतो आणि पुन्हा पाठवतो, वेग कोसळतो. पूर्वी हे अंतर माणसाने हाताने भरायचं. मग 'लिंक क्वालिटी मॅनेजर' आला. तो दोन्ही नोडांच्या अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढतो, किती पॅकेटं पुन्हा पाठवावी लागली ते मोजतो आणि कमकुवत शेजाऱ्याला बाजूला ठेवतो. सुरुवातीला तो ऐच्छिक होता. खऱ्या डोंगरांवर, खऱ्या अंतरांवर लोकांनी तो चालवून पाहिला, तेव्हा कुठे तो जाळ्याचा कायमचा भाग झाला.

चाचणी म्हणजे नवी फाइल चढवली आणि दिवा हिरवा झाला एवढंच, असं अनेकांना वाटतं. या जाळ्यात हिरव्या दिव्यावर विसंबून चालत नाही. शेजारी नोड आपण जिवंत असल्याचं सगळ्यांना एकदम ओरडून सांगतात. या ब्रॉडकास्ट पॅकेटांना पोच लागत नाही आणि ती कमी वेगाने जातात, म्हणून सहज पोचतात. ओएलएसआर ही मार्ग ठरवणारी पद्धत दुव्याची प्रत याच पॅकेटांवरून काढायची. पण फाइल किंवा आवाज जातो तो एका नोडकडून नेमक्या दुसऱ्या नोडकडे, पोच घेत, जास्त वेगाने. वायफाय चिपच्या ड्रायव्हरमध्ये दोष असेल, तर पहिली वाट उघडी आणि दुसरी बंद, असं होऊ शकतं. यादीत शेजारी शंभर टक्के दिसतो आणि त्याला पिंग केलं तर उत्तर नाही! म्हणून नवं फर्मवेअर चढवण्याआधी आणि नंतर त्याच दुव्यावर, शक्यतो त्याच वेळी, आयपर्फ लावून प्रत्यक्ष वेग मोजायचा आणि रात्रभर ओझं चालू ठेवायचं. काही दोष पाच मिनिटांत दिसतच नाहीत.

भरण्याचं काम हातांचं आहे. युबिक्विटीच्या डिशला वीज आणि डेटा एकाच केबलमधून मिळतो. खालच्या बाजूच्या बारीक भोकातलं रीसेट बटण काडीने दाबून धरायचं, ते न सोडता केबल जोडायची आणि दिवे आलटूनपालटून लुकलुकेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. उपकरण मग १९२.१६८.१.२० या पत्त्यावर फाइलची वाट पाहत थांबतं. लॅपटॉपवरून टीएफटीपीने फाइल ढकलली की पुढची काही मिनिटं केबलला हात लावायचा नाही. उपकरण सुरू करणारा बूटलोडर वेगळ्या जागी राहतो, त्यामुळे नवं फर्मवेअर उठलंच नाही तरी हीच क्रिया पुन्हा करून उपकरण बहुधा वाचवता येतं. अट एकच: बटणापर्यंत बोट पोचलं पाहिजे. कुलूपबंद मनोऱ्यावर, बर्फाखालच्या रस्त्यापलीकडे ते पोचत नाही. शिखरावरच्या नोडवर कालची फाइल चढवू नये असं अनुभवी हॅम कळकळीने सांगतात ते यामुळेच. आधी तेच मॉडेल घरी, मग छपरावर, मग डोंगरावर.

क्रमही महत्त्वाचा. नोड एकामागे एक साखळीत असतील, तर सगळ्यात दूरचा आधी बदलायचा आणि आपल्याकडे सरकत यायचं. जवळचा आधी बदलला आणि तो बिघडला, तर पलीकडचे सगळे हातातून जातात. २००३ च्या ओएलएसआरकडून बेबल या मार्ग ठरवणाऱ्या नव्या पद्धतीकडे जाताना ही गोष्ट फारच जाणवली. बेबलचा मानक दस्तऐवज २०२१ चा; पॅकेट दोन नोडांमध्ये गोल गोल फिरू नये, याची काळजी त्याच्या रचनेतच आहे. पण जुनी आणि नवी पद्धत एकमेकींची भाषा बोलत नाहीत, म्हणून संक्रमणात नोड दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवत राहिले. माझ्या मते सगळ्यात मोलाची चाचणी ती या मिश्र जाळ्याची. सगळे नोड एका रात्रीत बदलले जातील, असं प्रत्यक्षात कधीच होत नाही.

दोष सापडला की नोंद हवी, आणि इथे घाईने घात होतो. नोड अडकला की कोणाचाही हात आधी वीज बंद-चालू करायला जातो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये लॉग रॅममध्ये असतो. वीज गेली की लॉगही गेला. म्हणून आधी नोडच्या पानावरून 'सपोर्ट डेटा' उतरवून घ्यायचा, मगच रीबूट. त्यासोबत मॉडेलचं नेमकं नाव, बिल्डची तारीख, आधीची कोणती आवृत्ती ठीक चालत होती, हे लिहिलं की प्रोग्रॅमरला दोन तारखांमधले मोजके बदलच तपासावे लागतात. कोडची एक ओळही न लिहिता माणूस या प्रकल्पाला एवढी मोठी मदत करू शकतो.

१९९३ च्या किल्लारी भूकंपात आपल्याकडच्या हॅमनी संदेशवहनाचं काम केलं होतं. त्या वाटेवर मेशचा प्रयोग करायचा, तर भारतात सोपी सुरुवात आहे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात, लोरा रेडिओवर चालणाऱ्या मेशटास्टिकपासून. वेग अगदी कमी, फक्त छोटे मजकूर आणि ठिकाणाचा पत्ता. पण फर्मवेअर तिथेही अल्फा आणि बीटा अशा दोन पायऱ्यांत येतं. एका बोर्डवर अल्फा, बाकीच्यांवर बीटा, अशी वाटणी सुरुवातीला पुरे. अल्फा भरण्याआधी जुन्या सेटिंगची प्रत काढून ठेवावी. उपकरण पूर्ण पुसून भरलं की प्रदेशाची नोंद कोरी होते, आणि 'इंडिया' निवडेपर्यंत ते काहीच प्रक्षेपित करत नाही. नव्या माणसाला हा फर्मवेअरचा दोष वाटतो. तक्रार नोंदवण्याआधी एवढं बघून घ्यावं.