चित्र यंत्राचं, नाव कुणाचं?

‘एआय आलं, आता पेंटरचं काम संपलं!’ डिजिटल फलकांच्या दुकानात हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. कोल्हापुरात तरी ते पटू नये. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी आपले सहकारी आनंदराव यांच्यासोबत सिनेमाचा कॅमेरा गावातच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी तो १९१८ मध्ये पुरा केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. यंत्र हाती आलं म्हणून त्यांचा कुंचला सुटला नाही.

‘नेटवर आहे म्हणजे फुकट आहे’ हा समज जास्त घातक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. चित्रकार अबालाल रहिमान १९३१ साली गेले, बाबूराव १९५४ साली. त्यांची चित्रं आता सर्वांची. वि. स. खांडेकर मात्र १९७६ साली गेले, म्हणून त्यांच्या ‘ययाति’ कादंबरीवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. असं लेखन न विचारता यंत्राला शिकवायला वापरावं का, या मुद्द्यावर एएनआय वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं.

‘शैलीवर कुणाचा हक्क नसतो’ हे कायद्याने खरं आहे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. अबालाल कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तळ्याकाठी राहिले; तिथलं पाणी, झाडं, बदलता उजेड पाहत त्यांनी चित्रं केली. आज ‘अबालालसारखी तळ्याकाठची संध्याकाळ’ असं टाइप केलं की काही सेकंदांत चित्र समोर येतं. ते घरात लावायला हरकत नाही. अबालालचं म्हणून विकणं ही फसवणूक. आणि त्यांच्या जागी हयात चित्रकाराचं नाव टाइप केलं, तर त्याच्या आयुष्यभराच्या मेहनतीच्या जोरावर त्याचंच काम हिरावलं जातं. कायदा अडवत नसला, तरी मला हे सरळ चुकीचं वाटतं.

‘यंत्राने केलं, माझी जबाबदारी नाही’ हेही खोटं. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असं आपला कायदा १९९४ च्या दुरुस्तीपासून सांगतो. कर्तेपण घ्यायचं, तर चुकाही आपल्याच.

म्हणून उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. यंदाच्या फलकावरचं चित्र एआयचं असेल, तर कोपऱ्यात तसं स्पष्ट लिहा. एखाद्या पेंटरचाच हात हवा असेल, तर त्याच्या घरी जा, काम सांगा, पैसे द्या आणि खाली त्याचं नाव घाला.