गल्ल्यावर उद्या कोण?

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण असेलच. प्लेसमेंटचा विषय निघाला की बाकीचे त्याला म्हणतात, ‘तुला काय टेन्शन? घरचं दुकान आहे की!’ तो हसतो आणि विषय बदलतो. आमच्या ग्रुपमधली ती ‘एक जण’ मीच. म्हणून सांगते, टेन्शन असतं. फक्त घरात त्यावर कुणी बोलत नाही.

आमचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, बाबा आणि काका चालवतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आजोबा गेले. तेरावं होतंय न होतंय तोच एकेक गोष्ट समोर यायला लागली. कागदावर दुकान अजूनही आजोबांच्या एकट्याच्याच नावावर होतं. बँकेत मृत्यूचा दाखला दिल्यावर दुकानाच्या खात्यातून पैसे काढणं थांबलं. जीएसटीची नोंदणी आजोबांच्या पॅनवर, त्यामुळे ती नव्यानं करावी लागली. माल देणारे व्यापारी विचारायला लागले, ‘मागची बाकी आता कोण देणार?’

सगळ्यात मोठा घोळ उधारीच्या वहीत होता. आजोबांनी तिच्यात गिऱ्हाइकांची नावंच लिहिली नव्हती. ‘बुधवारचा गवंडी’, ‘पांढरी जीप’, ‘मळ्यातले मास्तर’ अशा खुणा आणि पुढे आकडे. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. आम्हाला त्यातली निम्मी माणसं अजून सापडलेली नाहीत.

आणि आत्या. आजोबांच्या मागे आजी, बाबा, काका आणि आत्या असे चार वारस. हक्क सोडल्याच्या कागदावर आत्यानं मुकाट्यानं सही केली. तिला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा वीस वर्षांची असलेल्या मीसुद्धा नाही.

मोठ्या घरातही हेच

हे छोट्या दुकानांतच होतं असं वाटत असेल, तर धीरूभाई अंबानींचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये ते गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. दोन भावांमधला वाद देशभर गाजला. शेवटी आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीनं २००५ मध्ये रिलायन्सची वाटणी झाली. दुसरीकडे गोदरेज. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या समूहाची वाटणी २०२४ मध्ये कुटुंबानं आपापसात ठरवून जाहीर केली. वेगळं तर दोन्ही घरं झाली. पण बोलणी आधी झाली की भांडण आधी झालं, यानं खूप फरक पडतो.

घरी काय विचाराल?

आता तुमच्याकडे वळू. तुमच्या घरी किराणा दुकान असेल, प्रेस असेल, मेडिकल किंवा मंगल कार्यालय असेल. पुढचं ठरवण्याआधी आहे ते माहीत करून घ्या.

पहिला प्रश्न : धंदा कुणाच्या नावावर आहे? एकाच मालकाचा असेल तर मालक गेल्यावर खातं, परवाने, नोंदण्या सगळं अडकतं, आमच्यासारखं. भागीदारी असेल तर करारपत्र वाचा. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार एका भागीदाराच्या मृत्यूनं भागीदारीच संपते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मात्र चालू राहते, मालकाचे शेअर्स वारसांकडे जातात.

दुसरा प्रश्न : मृत्युपत्र आहे का? ते साध्या कागदावरही चालतं. सही आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ‘नॉमिनी लावलाय ना’ हे उत्तर पुरेसं नाही. बँकेतले पैसे नॉमिनीच्या हातात येतात, पण ते सगळ्या वारसांचे असतात.

तिसरा प्रश्न खास मुलींसाठी. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र न करता ते गेले, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्यांची आई, सगळ्यांना सारखा वाटा. इतर धर्मांचे वारसा कायदे वेगळे आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. ‘दादा बसेल दुकानात’ हे घरात गृहीत धरलं जात असेल, तर निदान हक्क काय ते ठाऊक असू दे.

बसायलाच हवं का?

मालकी आणि रोजचं चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा वाटा असू शकतो आणि दुकान पगारी मॅनेजर किंवा चुलतभाऊ चालवू शकतो. ‘बसायचं नाही’ हेही उत्तर आहे, पण ते वेळेवर सांगा. बाबांनी तुमच्या भरवशावर नवं गोदाम घेतल्यावर सांगू नका.

आणि बसायचं असेल तर फक्त खुर्ची सांभाळायला नको. पुण्याच्या चितळे बंधूंचं दुकान १९५० मध्ये सुरू झालं. दुपारी एक ते चार बंद, यावर आपण किती जोक केले असतील! तेच दुकान २०१७ पासून दुपारीही उघडं राहायला लागलं. बाकरवडी तीच, वेळ बदलली. पुढच्या पिढीला काय बदलता येईल, हे मागच्या पिढीनं ऐकून घ्यायला हवं. आणि काय बदलायचं नाही, हे आपण त्यांच्याकडून शिकायला हवं. त्यासाठी सुट्टीत एक महिना गल्ल्यावर बसून बघा. कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला गोड बोलून परत पाठवायचं, हे कुठल्याच एमबीएत शिकवत नाहीत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा लक्षात आलं, मी स्वतःच घरी काही विचारलेलं नाही. मागच्या रविवारी बाबा रात्री गल्ला मोजत होते, तेव्हा धीर केला. ‘बाबा, मी दुकानात बसणार नाही. पण तुमच्यानंतर काय, हे लिहून ठेवाल का?’ ते नोटा मोजतच राहिले. मग म्हणाले, ‘मला काय झालंय आत्ता?’ विषय संपला. मी जेवले आणि सकाळच्या एसटीनं परत आले.

बुधवारी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘वहीत पूर्ण नावं लिहायला घेतलीत. फोन नंबरसकट.’ मी म्हटलं, ‘छान.’ थोडं थांबून म्हणाले, ‘आणि पुढच्या रविवारी आत्याला बोलावलंय. तूही ये.’

मी जाणार आहे. तुमच्या घरातला असा रविवार कधी?