प्रवरेकाठचा अकीक

उन्हाळ्यात प्रवरेचं पात्र उघडं पडलं की काळ्या गोट्यांच्या गर्दीत मधूनच एखादा वेगळा दगड डोळ्यांत भरतो. दुधी, राखाडी, कधी पिवळसर, कधी तांबूस. बाहेरून खरबरीत, फुटलेल्या बाजूने मेणचट गुळगुळीत. उन्हात धरला तर पातळ कडेतून उजेड झिरपतो. गावात त्याला सरसकट गारगोटी म्हणतात. फुटलेल्या तोंडावर एकात एक बसलेले बारीक पट्टे दिसले, तर तो अकीक.

रत्नांच्या बाजारात हिऱ्या-माणकापुढे अकीकाला फारशी किंमत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाचं या दगडाशी असलेलं नातं मात्र इतकं जुनं आहे, की कुठलंही महागडं रत्न त्याच्या आसपास पोचत नाही.

या दगडाची सुरुवात लाव्हात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. अकोले तालुक्यातलं १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर म्हणजे त्याच थरांचा शिल्लक राहिलेला भाग. सोड्याच्या बाटलीचं बूच निघताच वायू उसळतो, तसा जमिनीवर आलेल्या लाव्हातला वायू बुडबुड्यांनी वर धावला. थराचा माथा थिजला तेव्हा त्यातले बरेच बुडबुडे आतच अडकले. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो हा पोकळ्या-पोकळ्यांचा खडक.

पुढे या पोकळ्यांत पाणी झिरपलं. थिजलेल्या लाव्हाचा हा खडक, म्हणजे बेसाल्ट, आणि त्यातली ज्वालामुखीय काच कुजताना सुटलेली सिलिका पाण्यात विरघळली आणि पोकळीच्या भिंतीवर थराथराने बसत गेली. ही सिलिका म्हणजे क्वार्ट्झच, पण तिचे तंतू इतके बारीक असतात की साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. तंतूंची जाडी, त्यांच्यातली सूक्ष्म छिद्रं, पाण्याचा अंश आणि लोहाचं प्रमाण थरागणिक बदलतं, आणि तो बदल आपल्याला पट्टा म्हणून दिसतो. शेवटी पोकळीच्या मध्यभागी जागा उरली, तर तिथे स्वच्छ स्फटिक वाढतात, क्वचित जांभळेही.

पट्टे इतके नियमित का पडतात, याचं एकमताचं उत्तर अजून मिळालेलं नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ राफाएल लीझेगांग यांनी १८९६ मध्ये जिलेटिनमध्ये रसायनं पसरू देऊन आपोआप उमटणारी वलयं दाखवली आणि पुढे तीच कल्पना अकीकाला लावली. आजचे अभ्यासक सिलिकेचा जेल, तंतूंची वाढ आणि द्रावणाची बदलती घनता यांचा एकत्रित विचार करतात. प्रयोगशाळेत हुबेहूब अकीक बनवणं अजून कुणाला नीट साधलेलं नाही, हे ध्यानात घेतलं तर नदीकाठच्या त्या साध्या गोट्याकडे पाहण्याची नजर बदलते.

याच पोकळ्यांत झिओलाइट गटाची खनिजंही वाढतात. राहुरी परिसरातल्या दगडखाणींतून निघालेले स्टिलबाइटचे आणि त्याच्या सोबतीने वाढणाऱ्या हिरव्या ॲपोफिलाइटचे नमुने जगभरच्या संग्राहकांकडे पोचले आहेत. शेजारच्या सिन्नरमध्ये ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालयही उभं आहे. तिथल्या काचेआडच्या झळाळत्या स्फटिकांपुढे साधा अकीक मागे पडतो खरा, पण टिकाऊपणात तो सरस आहे. बेसाल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन कुजून काळी माती होते. अकीकाची कठिणता मोहस मापनावर ६.५ ते ७ आणि रासायनिक झीज नगण्य. सभोवतालचा खडक विरून जातो, अकीक मोकळा होतो आणि ओढ्यातून नदीत उतरतो.

या दगडाची नावं पट्ट्यांवरून आणि रंगावरून ठरतात. पट्टे सरळ, समांतर असले तर ऑनिक्स. तांबड्या-तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा सार्डऑनिक्स. पट्टे नसून एकसारखा तांबडा रंग असला तर कार्नेलियन. आत शेवाळासारख्या हिरव्या नक्षीचा मॉस अगेट खरं तर पट्ट्यांचा नसतोच, तरी नाव चालत आलं आहे. कार्नेलियनचा तांबडा रंग पुष्कळदा भट्टीतला असतो. खंबातचे कारागीर गुजरातेतल्या रतनपूरचे पिवळट गोटे उन्हात वाळवून मंद आचेवर तापवतात, तेव्हा दगडातल्या लोहसंयुगातलं पाणी जाऊन हेमॅटाइट बनतं आणि पिवळ्याचा लाल होतो. दुकानातल्या गडद निळ्या, गुलाबी चकत्या मात्र बहुतेक रंगवलेल्या असतात. सच्छिद्र थर रंग पितात, घट्ट थर पीत नाहीत, म्हणून पट्टे उलट अधिकच उठून दिसतात.

आता प्रवरेकाठच्या नेवाशाकडे वळू. मराठी वाचकाला हे गाव ज्ञानेश्वरी आणि पैस खांबामुळे ठाऊक असतं. पुरातत्त्वज्ञांना ते दगडांमुळे ठाऊक आहे. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी शां. भा. देव आणि इतर सहकाऱ्यांसह इथे उत्खनन केलं. प्रवरेच्या कापलेल्या काठावर त्यांना गाळाचे वेगवेगळे थर दिसले. खालच्या भरड गोट्यांच्या थरात बेसाल्टची मोठी हातकुऱ्हाड, तर वरच्या बारीक थरात अकीक, जास्पर, चर्ट यांच्या छोट्या तासण्या. भारतात मध्य पुराश्मयुग हा स्वतंत्र टप्पा मानायला या पुराव्याने मोठं बळ मिळालं आणि त्या हत्यारांच्या परंपरेला ‘नेवासियन’ हे नाव पडलं. पुढे १९६० च्या दशकात गुद्रुन कोर्विनस यांनी जवळच्या चिरकी नाल्यापाशी हातकुऱ्हाडीच्या काळाचं ठिकाण सविस्तर खणलं.

माणूस बेसाल्टकडून अकीकाकडे वळला, त्यामागे दगडाची पारख होती. अकीकाचे गोटे लहान, त्यातून मोठं अवजार निघत नाही. पण तो शंखाच्या पाठीसारख्या वळणदार पृष्ठभागाने फुटतो, कपची कुठे निघेल याचा अंदाज बांधता येतो आणि धार तीक्ष्ण येते. कातडं तासायला, लाकूड सोलायला एवढं पुरे होतं.

हजारो वर्षांनी याच काठांवर शेतकऱ्यांची गावं वसली. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे १९५०-५१ मध्ये खणलं गेलं आणि एका संपूर्ण ताम्रपाषाण संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. दायमाबाद आणि नेवासे ही त्याच पट्ट्यातली. दायमाबादचा कांस्य रथ जगप्रसिद्ध झाला, पण तिथल्या रोजच्या घरात धातू जपून वापरायची चीज होती. कापणी-चिरणीचं काम कॅल्सेडनीची, म्हणजे अकीकाच्याच बारीक तंतूंच्या सिलिकेची, पाती करत. कारागीर आधी गोट्याला कणा पाडत आणि त्या कण्याला धरून एकामागून एक समांतर कडांची पाती सोलून काढत. अशी पाती लाकडी किंवा हाडाच्या दांड्यात ओळीने बसवली की विळा तयार. धातूच्या युगात दगडाचं हे कसब टिकलं, ते इथल्या नद्यांनी कच्चा माल दारात आणून टाकला म्हणून.

नंतर याच दगडाचा व्यापार झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचला, रस्ता नसलेल्या अवघड मुलखातून गाड्यांवर लादून, ऑनिक्सचा दगड मोठ्या प्रमाणात जातो अशी नोंद आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, असंही तो लेखक सांगतो. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि पैठण त्या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. तिथून निघालेल्या दगडात प्रवराखोऱ्यातला माल असणं अगदी स्वाभाविक वाटतं. नेवाशाच्या सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे पश्चिमेचा माल या गावापर्यंत पोचत होता.

आज प्रवरा वाळूसाठी उपसली जाते आणि वाळूबरोबर गोट्यांचे थरही हलतात. हत्यार ज्या थरातून निघालं तो थर कळला नाही, तर त्याचा काळ सांगणं फार अवघड होतं. काठावर सापडलेला अकीक माणसाने घडवलेला आहे का, हे ओळखायला काही खुणा आहेत. घाव पडलेल्या टोकाखाली पृष्ठभाग किंचित फुगीर असतो, त्यातून पसरणाऱ्या लहरी दिसतात आणि कडेला एकाच बाजूने ओळीत काढलेल्या बारीक कपच्यांच्या खाचा असतात. नुसत्या घरंगळलेल्या गोट्यावर खाचा असतात, पण वेड्यावाकड्या आणि झिजलेल्या. तशी वस्तू दिसली तर ती उचलण्याआधी जागेचा आणि थराचा फोटो घ्यावा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावं.